हिराकाकू आणि रविवारची गाडी

शनिवार, ३० मे. संध्याकाळचे क्लास रद्द केले आणि डोंबिवलीजवळच्या मानपाड्याला भोईरांच्या अंगणात स्टुलावर उभी राहून त्यांच्या गाडीच्या छपराच्या नळ्या साफ करायला घेतल्या. दर वर्षी पावसाआधी हे काम करावं लागतं. या गाडीला वर सरकणारी मोठी काच आहे. काचेच्या कडेने पन्हळ असते, पन्हळीच्या कोपऱ्यांत बारीक भोकं असतात, आणि तिथून पाणी खांबातल्या नळीने उतरून चाकाजवळ जमिनीवर पडतं. नळी तुंबली की तेच पाणी गाडीच्या आत, गालिच्याखाली जातं, आणि तिथे सगळ्या नाजूक वायरी असतात. म्हणून गळाची जाड नायलॉन दोरी घ्यायची आणि भोकातून हलके हलके आत सारायची. जोर करायचा नाही, जोर केला तर आतली नळी निसटते. मग तांब्याभर पाणी ओतायचं आणि खाली वाकून बघायचं.

एक बाजू झाली तेवढ्यात फोन वाजला. ठाण्याहून, घोडबंदर रोडच्या एका टॉवरमधून एक तरुण बोलत होता. त्याने गाडीची जाहिरात पाहिली होती आणि उद्या सकाळी बायकोला घेऊन गाडी बघायला येणार होता.

"मॅडम, फोटोत सगळं छान वाटतंय. फक्त एक विचारायचं होतं. सेकंडहँड लक्झरी गाडी म्हटलं की घरचे घाबरतात. रिलायबल आहे ना?"

"रोज किती चालवणार?"

"ऑफिसपर्यंत. चार-पाच किलोमीटर. का?"

"या उद्या. समोर बोलू."

गाडी माझी नाही. हिराकाकू भोईर यांची आहे. काकू फेब्रुवारीत गेल्या. त्यांचा मुलगा नितेश ती विकतोय आणि दाखवायचं काम त्याने माझ्यावर टाकलंय, कारण डोंबिवलीत माझी ड्रायव्हिंग स्कूल आहे आणि त्याच्या मते गाडीबद्दल मी काही सांगितलं की लोकांना पटतं. फोनवरचा तो तरुण विचारत होता ते चुकीचं नव्हतं. या जातीच्या गाड्या, छोट्या अंगाच्या आणि मोठ्या घराण्याच्या, नव्या असताना कौतुकाच्या असतात आणि सहा-सात वर्षांनी दुसऱ्याच्या दारात आल्या की त्यांचे आजार सुरू होतात. कंपनी कुठलीही असो, आजार साधारण सारखेच. पण "रिलायबल आहे ना" याला हो किंवा नाही म्हणायचं तर मला काकूंबद्दल बोलावं लागलं असतं, आणि ते फोनवर होण्यासारखं नव्हतं.

काकू माझ्या ऑफिसात आल्या तेव्हा त्या साठीला टेकल्या होत्या. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, गुडघ्याखाली आवळून नेसलेलं हिरवं लुगडं, आणि हातात या गाडीची किल्ली. किल्ली त्यांनी माझ्या टेबलावर नारळ ठेवावा तशी ठेवली.

"कोणाला शिकायचंय?" मी विचारलं. बहुतेक आया मुलींसाठी येतात.

"मना."

"आधी आमच्या छोट्या गाडीवर हात बसवा, काकू. मग तुमची घेऊ."

"तुजी गारी शिकून मी काय करू? ती कुटं माजी हाय?"

"माझी ठोकली तर दुरुस्तीला सोपी आहे."

यावर त्यांनी थोडा विचार केला आणि किल्ली परत कमरेला खोचली. "ह्यो बोल्लीस ता बरा बोल्लीस," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज वेळेच्या आधी येऊन पायरीवर बसू लागल्या. मला त्या मास्तरीण म्हणत. शेवटपर्यंत.

गाडी त्यांच्या नवऱ्याने, बळीरामकाकांनी, नितेशच्या लग्नासाठी घेतली होती. गावच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या तशा इथल्या घराघरांत गाड्या आल्या, पण काकांना सगळ्यांच्या असते तसली मोठी गाडी नको होती. त्यांना काचेचं छप्पर हवं होतं. लग्न झालं, आणि पुढच्या वर्षी काका बसल्या जागी गेले. गाडी अंगणात उभी राहिली. नितेशला ती आवडत नव्हती, सुनेला चालवता येत नव्हती. काकूंना रोज सकाळी दारात सडा घालताना ती दिसायची. "बैल दारान बांदून ठेवला तर तो पन मरतो," एवढंच कारण त्यांनी मला शिकण्यामागचं सांगितलं.

या गाड्यांना काही झालं की समोर दिवे लागतात, आणि पडद्यावर इंग्रजीत काहीतरी उमटतं. काकूंना इंग्रजी येत नव्हतं. मी समजावून सांगायला लागले, तर त्या म्हणाल्या, "नावा नको सांगू. दिसता कसा ता सांगते." मग आम्ही पुस्तकातली चित्रं काढून बसलो. इंजिन तापल्याचं चित्र त्यांना लाटांवरच्या होडीसारखं दिसलं. टायरमधली हवा कमी झाल्याचं चित्र म्हणजे मडकं. ऑइलची ती झारी. इंजिनाचा पिवळा दिवा म्हणजे नळ. डिझेलच्या काजळीची गाळणी भरली की ठिपके ठिपके असलेला एक खोका दिसतो, ती चाळण.

"होरी दिसली का बाजूला घ्यायची," त्या बोटं मोडत घोकायच्या. "झारी दिसली का जिथं हाय तिथं बंद. मरका दिसला तर हवा. नल दिसला तर घरी येवून बोलायचा. चालन दिसली तर लांब पलवायची."

गेली काही वर्षं मी माझ्या सगळ्या विद्यार्थिनींना हेच शिकवते. इंजिनिअर मुलीही पटकन लक्षात ठेवतात.

दिवे या गाडीत सतत काही ना काही लागलेले असायचे, म्हणून काकूंनी तिचं नाव सासू ठेवलं होतं. "सासूबायचा काय आज?" असं म्हणूनच त्या दार उघडायच्या. एकदा मी म्हटलं, काकू, एवढी कटकट कशाला सोसता, साधी गाडी घ्या. तर म्हणाल्या, "माजी खरी सासू अशीच होती. रोज येक नवा दुखना. माजं गुरगं, माजी कंबर. पन भात लावनीला सगल्यांच्या आदी शेतान. बोलायची, बंद परायची नाय."

त्या पहिल्या पावसाळ्यात मात्र सासू खरंच बिथरली. बंद उभ्या गाडीच्या काचा आपोआप खाली यायच्या. कुलूप लागायचं, उघडायचं. भर दुपारी अंगणात कोणी नसताना हॉर्न वाजायचा. काकांना जाऊन तेव्हा काही महिनेच झाले होते, त्यामुळे आळीत कुजबुज सुरू झाली. नितेशही घाबरला होता, पण तो ते रागाच्या रूपात दाखवायचा.

"मॅडम, तुम्ही तरी आईला सांगा. बाबांनी ही घेतली आणि बाबा गेले. विकून टाकू."

काकूंनी भाकरी थापता थापता उत्तर दिलं. "तुजा बापूस काच उघरायला येनार नाय. जित्तेपनी त्याना गारीन एसी लागायचा. काच उघरली का माज्यावर वसकायचा."

गॅरेजवाल्याने आधी बॅटरी बदलली, मग दरवाजाचं एक यंत्र बदललं. शेवटी मी आणि काकूंनी ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलला. खाली पाणी. गॅरेजवाला म्हणाला की वरच्या नळ्या तुंबल्यात, पण मोकळ्या करायला आतलं सगळं छत उतरवावं लागेल. काकू उठल्या, दिराच्या घरी गेल्या आणि गळाची दोरी घेऊन आल्या. दीर अजून खाडीवर जातो.

मी स्टुलावर, त्या खाली चाकाजवळ उकिडव्या. मी दोरी सारत होते, त्या सांगत होत्या, "अजून. थोरी अजून. आली, आली." आणि मग त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मी खाली उतरले. चाकाजवळ पिवळा चिखल पडला होता आणि त्यात फुगून काळपटलेले तांदूळ.

त्या अक्षता होत्या. लग्न लागल्यावर नितेश आणि सून याच गाडीतून घरी आले होते. वाटेत बेंजो लागला तसा नवरदेव काचेच्या छपरातून कमरेएवढा वर आला आणि नाचला, आणि दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवरून बायकांनी त्याच्यावर मुठी मुठी अक्षता आणि हळद टाकली. निम्म्या त्याच्या डोक्यावर, निम्म्या पन्हळीत. मग सगळ्यांनी हौसेने काच बंद केली.

काकूंनी तो चिखल ओंजळीत घेतला. नितेश कामावरून आला तेव्हा त्यांनी हात पुढे केला. "ह्यो बग तुजा बापूस. दोन वरसा सासूच्या पोटान साचलावता."

नितेशने बघितलं. आत जाऊन त्याने बादली आणली आणि गाडीच्या आतलं पाणी फडक्याने टिपायला बसला. काकूंनी अक्षता तुळशीत टाकल्या. त्या विषयावर त्या घरात पुन्हा कोणी बोललं नाही.

लायसन्स मिळालं त्या दिवशी नितेशने आईला एकच अट घातली. मी समोर होते.

"आये, चालव. पण एकदा जरी ही रस्त्यात बंद पडली ना, दुसऱ्या दिवशी विकणार. तुला हायवेवर शोधत फिरायला मला जमणार नाय."

"बरा," काकू म्हणाल्या. इतक्या पटकन, की मला तेव्हाच कळलं, त्यांनी ही अट मनापासून मानली आहे आणि तीच आता त्यांची काळजी असणार आहे.

पुढची अडचण चाळणीची निघाली. काकूंचं जाणं-येणं किती? बाजार, देऊळ, दवाखाना. डिझेलच्या अशा गाड्यांना असलं चालणं मानवत नाही. धुरातली काजळी गाळणीत साठते, आणि ती जळायला गाडी बऱ्यापैकी वेगाने, न थांबता, तासभर तरी पळावी लागते. गावातल्या गावात फिरवली तर गाळणी भरते, मग गाडी ताकद सोडते, आणि मग नवी गाळणी. लोक ही गाडी घेतात आणि इथेच फसतात. मी काकूंना सांगितलं, आठवड्यातून एकदा हायवेवर न्यावी लागेल.

"रिकामीच?"

"रिकामी का होईना."

"रिकामी गारी पलवायची? डिझेल जालून?" हे त्यांना पाप वाटलं. दोन दिवस त्यांनी विचार केला आणि तिसऱ्या दिवशी आळीतल्या बायकांना विचारलं, कोणाचं माहेर हायवेला आहे.

निम्म्यांची होती. पडघा, वाशिंद, शहापूर, त्यांच्या आसपासची गावं. गुडघे गेलेल्या, बीपीच्या गोळ्या खाणाऱ्या बायका. मुलांच्या दारात गाड्या होत्या, पण मुलांना वेळ नव्हता, आणि एसटी बदलत जाण्याची ताकद आता यांच्यात नव्हती. कोणी भावाच्या तेराव्याला गेली ती शेवटची. कोणी तेवढीही नाही. काकूंनी नंबर लावले. दर रविवारी सकाळी एक माहेरवाशीण, सोबतीला रिकाम्या जागेवर बसतील तेवढ्या बाकीच्या. अट एकच, रिकाम्या हाताने यायचं नाही. पहिले काही महिने मी त्यांच्या शेजारी बसत होते, शिकवणारी म्हणून. नंतर उगाचच बसत राहिले. रविवारी माझं ऑफिस बंद असतं.

सकाळी लवकर निघायचं. कल्याण, दुर्गाडीचा पूल, मग नाशिक हायवे. काकू डाव्या लेनमध्ये एकाच वेगाने गाडी चालवायच्या, हात सरळ, पाठ ताठ, जशा जात्यावर बसल्यात. मागे बायका मोठमोठ्याने बोलत. माहेर जवळ आलं की मात्र जिचं माहेर ती गप्प व्हायची आणि पदर सारखा करायला लागायची. काकू आरशातून हे बघायच्या आणि वेग थोडा कमी करायच्या. गाळणीच्या दृष्टीने ते चूक होतं. मी कधी बोलले नाही.

परत येताना डिकीत वाल, सुरण, तांदळाचं पीठ, कधी कोंबडी. जाताना इथून सुकट आणि बोंबील. कातडी सीटांच्या त्या गाडीला सुक्या मासळीचा जो वास लागला तो कुठल्याही फवाऱ्याने गेला नाही. जाहिरातीच्या फोटोत वास येत नाही, एवढंच.

मी एकदा त्यांना विचारलं, "काकू, तुमचा नंबर कधी?"

त्यांचं माहेर मोहन्याचं. कल्याणच्या पलीकडे, नदीकाठी, जुन्या रेयॉन कारखान्याशेजारी. त्यांचे वडील शेती सांभाळून कारखान्यात कामाला होते, आणि त्या लहानपणी भोंगा झाला की गेटवर त्यांना डबा द्यायला जायच्या.

"माजा माहेर चालनीच्या कामाचा नाय," त्या म्हणाल्या. "फारच जवल."

अडीच वर्षांत ती गाडी एकदाच रस्त्यात उभी राहिली. पडघ्याच्या पुढे. आम्ही पाच जणी होतो, आणि मागे विठाबाय, काकूंची शेजारीण, काहीतरी सांगत होती. काकू मध्येच म्हणाल्या, "होरी." मी बघेपर्यंत त्यांनी गाडी बाजूला घेऊन बंद केली होती. इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची एक प्लॅस्टिकची जोडनळी उष्णतेने ठिसूळ होऊन तडकली होती. हाही या गाड्यांचा नेहमीचा आजार. आणखी थोडी चालवली असती तर इंजिन गेलं असतं. गॅरेजवाल्याला मी फोन केला, तो नळी घेऊन येईपर्यंत आम्ही वडाखाली बसलो. काकूंचं तोंड पांढरं पडलं होतं. बाकीच्या बायकांनाही अट माहीत होती.

घरी पोचायला दुपार उलटली. नितेश अंगणात उभा होता.

"बंद पडली ना?"

"नाय," काकू म्हणाल्या. "मी थांबवली."

"म्हणजे तेच ना, आये."

"ता कसा ताच? बंद परली असती तर तिनी थांबवला असता आपल्याला. इथं मी तिना थांबवली."

"मॅडम, तुम्ही सांगा. खरं काय?"

मी खरं ते सांगितलं. पाणी गळायला लागलं होतं, काकूंनी वेळेवर थांबवली म्हणून इंजिन वाचलं, नवी नळी टाकली आणि गाडी स्वतःच्या चाकांवर घरी आली. विठाबायला मात्र खऱ्यावर भरवसा नव्हता. ती मागून उतरली आणि म्हणाली, "आम्ही भजी खायाला थांबलो. मनाच भूक लागलीवती. इचार कोनाला पन."

एकीने मान डोलावली. दुसरी म्हणाली, "कांद्याची."

नितेश त्या चौघींकडे बघत राहिला, आणि त्याला हसू आलं ते त्याने लपवलं नाही. "पुढच्या वेळी माझ्यासाठी आणा," म्हणाला आणि आत गेला. काकू चाकाला टेकून खाली बसल्या. त्यांना रडताना मी तेव्हा एकदाच पाहिलं. पत्र्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "बोल्लीस म्हनून वाचलीस गो बय."

स्टिअरिंग त्यांनी स्वतःहून सोडलं. साखरेमुळे त्यांची नजर जात होती, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. एका रविवारी परतताना समोर दिवा लागला आणि त्या म्हणाल्या, "मरका."

"काकू, चाळण आहे ती."

मग त्यांनी गाडी व्यवस्थित बाजूला घेतली, बंद केली, उतरल्या, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आल्या आणि दार उघडलं. "सरक. आजपासून तू." मी काही समजूत घालायच्या भानगडीत पडले नाही. नजर नसताना कोणी गाडी चालवू नये, हे मी रोज शिकवते. त्यांनीही पुन्हा कधी मागितली नाही. डावीकडे बसायच्या, डॅशबोर्डवर तळहात ठेवून. गाडीचं सगळं त्यांना हाताने कळतं असं त्यांचं म्हणणं होतं. कधी खरं निघायचं, कधी नाही.

जानेवारीत त्या बऱ्याच थकल्या होत्या. पाय सुजलेले, बोलताना धाप. तरी रविवारी निघाल्या. त्या दिवशी एका बाईला तिच्या भावाकडे दोन दिवसांसाठी सोडलं आणि परत येताना गाडीत आम्ही दोघीच होतो. पडघ्याहून मी हायवे सोडला आणि गांधारीच्या पुलावरून कल्याणात शिरले. पुलानंतर डावीकडे वळले.

"कुटं चाललीस?" त्यांनी विचारलं. वळण त्यांना कळलं होतं.

"चाळण साफ झाली, काकू. आता थोडं जवळ चाललं तरी चालेल."

मोहन्याला पोचलो. कारखान्याच्या लांबलचक भिंतीशी मी गाडी हळू केली. कारखाना कधीचा बंद आहे. भिंतीच्या आत झाडं माजली आहेत. त्यांच्या वडिलांच्या घराच्या जागी आता भावाच्या मुलांची इमारत उभी आहे, ती पुढच्या वळणावर.

"उतरायचं?"

"नको. उतरले तर जेवाया बसवतील, मंग तुना उशीर होल." मग थोड्या वेळाने, "गेटाजवल घे."

गेटाला साखळी होती. मी गाडी तिथे उभी केली. काकूंनी वर बोट दाखवलं. "ती काच उघर."

अक्षतांच्या त्या प्रकारानंतर, वर्षातून एकदा नळ्या साफ करण्यापुरतं सोडलं तर, छप्पर कोणी उघडलं नव्हतं. त्यांचाच नियम होता. मी बटण दाबलं. काच कुरकुरत मागे गेली, आणि बरोबर वाळलेली पानं आणि धूळ आमच्या अंगावर पडली. काकूंनी पदर झटकला नाही. मान मागे टाकून त्या वर बघत राहिल्या. त्यांना दिसत किती होतं, मला माहीत नाही. उजेड कळत असणार. हात डॅशबोर्डवर तसाच होता, गाडी बंद असूनही. काही वेळाने म्हणाल्या, "भोंगा झाला का डबा पोचला पायजे होता. येक मिनिट पन उशीर चालायचा नाय."

ती त्यांना मी गाडीत पाहिल्याची शेवटची वेळ. दुसऱ्या दिवशी पन्हळ ब्रशने साफ करून घेतली. पुढच्या रविवारी त्या दवाखान्यात होत्या.

त्या शनिवारी उरलेल्या बाजूच्या नळ्यांत दोरी सारताना हे सगळं डोक्यात चाललं होतं. पाणी चाकामागे पडलं, स्वच्छ. मी स्टूल उचललं तर विठाबाय पायरीवर बसलेली दिसली. कधी आली कळलं नाही.

"इकतोय म्हने," ती म्हणाली.

"उद्या माणूस येणार आहे बघायला."

"माजा नंबर व्हता." तिने हे तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून सांगितलं. "हिरी आजारी परली तवा पुरचा रव्वार माजा. वाशिंदला बहीन हाय. तिना पन आता उठवत नाय."

काकू गेल्यावर मी दर रविवारी गाडी एकटीच फिरवून आणत होते. गाडी दुसऱ्याची, तिच्यात न विचारता माणसं भरणं मला योग्य वाटत नव्हतं. बायकांनीही विचारलं नाही. मे महिना तर आमचा सीझन, कॉलेजच्या मुलींच्या बॅचेस, त्यामुळे गेले काही रविवार तेही झालं नव्हतं. मी गाडीत बसून किल्ली फिरवली. समोर ठिपक्यांचा पिवळा दिवा लागला. चाळण.

रविवारी सकाळी उजाडताच नितेशला फोन केला. "तुझ्या गाडीला दिवा लागलाय. गिऱ्हाईकाने बघितला तर दारातून परत जाईल. तासभर पळवावी लागेल."

"मग तुम्ही घेऊन जा ना, मॅडम."

"विकायच्या दिवशी मी दुसऱ्याची गाडी एकटी बाहेर काढणार नाही. तू ये. चालव तूच."

तो डोळे चोळत अंगणात आला, स्टिअरिंगवर बसला आणि आम्ही निघालो. आळीच्या कोपऱ्यावर विठाबाय पिशवी घेऊन कट्ट्यावर बसली होती. रात्री मीच तिला सांगून ठेवलं होतं.

"ही कुठे?"

"तिचा नंबर आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग उतरून मागचं दार उघडलं आणि विठाबायच्या हाताला धरून तिला आत बसवलं. मी तिच्या शेजारी मागे बसले. पुढची डावी जागा रिकामीच राहिली. दुर्गाडी ओलांडेपर्यंत तो घड्याळ बघत होता. हायवेला लागल्यावर त्याने बघायचं सोडलं. पडघ्याच्या वडाजवळ विठाबाय म्हणाली, "हितंच आम्ही भजी खाल्लीवती," आणि नितेश म्हणाला, "तिथे भजीचं दुकान कुठाय, मावशी?" ती म्हणाली, "तवा पन नव्हता." दोघंही हसले. तिथून पुढे कुठेतरी दिवा विझला. "गेली चाळण," नितेश म्हणाला. त्याला तो शब्द ठाऊक आहे हे मला माहीत नव्हतं. वाशिंद जवळ आलं तशी विठाबाय गप्प झाली आणि पदर सारखा करू लागली. नितेशने आरशात बघितलं आणि वेग कमी केला.

तिच्या बहिणीच्या ओसरीवर आम्हाला भाकरी वाढली. दोघी बहिणी एकमेकींच्या हातात हात घालून खाटेवर बसल्या होत्या. माझा फोन वाजला. ठाण्याचा तो मुलगा बायकोला घेऊन मानपाड्याला दारात येऊन उभा होता. मी फोनवर हात ठेवला.

"नितेश, काय सांगू?"

तो खाटेकडे बघत होता.

"सांगा, गाडी बाहेर गेलीय."

"पुढच्या रविवारी येऊ का, विचारतोय."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "रविवारी नसते, म्हणावं."

मी तसं सांगितलं. त्या मुलाला हेही सांगितलं की चार-पाच किलोमीटरसाठी त्याने पेट्रोलची साधी गाडी घ्यावी. मग फोन पिशवीत टाकला आणि जेवून घेतलं.